मोनॅकोच्या सेंट जॉनच्या होळीबद्दल मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, जूनमध्ये आईला घेऊन फ्रान्सला जातोय, मुक्काम नीसला, आणि तिला मोनॅकोची सेंट जॉनची होळी बघायचीच आहे, म्हणजे २३ जूनला राजवाड्यासमोरच्या चौकात पेटवतात, पारंपरिक कपडे घालून लोकनृत्य होतं ती, आणि दुसऱ्या दिवशी प्लास दे मुलँ या मोनॅकोतल्याच दुसऱ्या चौकात परत एकदा असते. आईचे गुडघे दुखतात आणि राजवाडा तर पार खडकावर, त्यामुळे स्टेशनवरून वर जायला बस बरी की लिफ्ट? दोन्ही चौकांपैकी कुठे बसायला जागा मिळते? रात्री नीसला परत यायला ट्रेन असते ना? आणि मोनॅकोतल्या ला कोंदामिन भागाच्या बाजारात बार्बाज्वान मिळतात, चार्डची पानं आणि चीज भरून तळलेले, त्यात अंडं असतं का? आई अंडं खात नाही. कोणी गेलं असेल तर प्लीज नीट सांगा.