रोमानियन की सर्बियन? इम्पोर्टेड सेमी-ऑटो एकेला एवढे पैसे घालावेत का

नवखा_नेमबाज
मंडळी, टेक्सासला असतो, कॉलेजात एनसीसीत .22 ने जेवढ्या गोळ्या झाडल्या तेवढाच अनुभव. ऑफिसातल्या मित्राची एके (एके-47 च्या धर्तीची सेमी-ऑटो, म्हणजे घोडा दाबला की एकच गोळी) रेंजवर एकदा चालवली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. दुकानात गेलो तर दोन समोर ठेवल्या, रोमानियाची वासर-10 आणि सर्बियाची झास्तावा एम70. वासरचं लाकूड बघून वाटलं कुणीतरी विळ्यानं तासलंय, आणि मॅगझिन लावलं तर डुगडुगत होतं. एवढ्याच पैशात इथं बनलेली बरी एआर-15 (अमेरिकन सेमी-ऑटो रायफल) येते, मग लोक या इम्पोर्टेडच्या मागे का असतात? क्वालिटी खरंच आहे की नुसतं नाव? शिकार वगैरे नाही, शनिवारी रेंजवर 100 यार्डांवर कागद फाडायचेत फक्त.

घडीव_लोखंड
आधी एक सांग, ग्रीन कार्ड आहे ना? एच1बीवर असशील तर शिकारीचं लायसन्स वगैरे ठरावीक अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही, आपले बरेच जण हे न बघता दुकानात जातात. आणि टेक्सासला आहेस म्हणून ठीक, कडक कायद्यांच्या कॅलिफोर्निया न्यूयॉर्कला असतास तर हा धागाच वेगळा झाला असता.

आता वासर. मॅगझिन डुगडुगतं त्याची गोष्ट अशी की ही रायफल मुळात एकेरी रांगेच्या 10 गोळ्यांच्या मॅगझिनसाठी बनवून आत आणायचे, 1994 ला अमेरिकेत लष्करी ढंगाच्या रायफली आणि मोठ्या मॅगझिनवर आलेल्या बंदीमुळे, आणि मग इथं इम्पोर्टर मॅगझिनची खाच रुंद करायचा. शिवाय नेहमीच्या एकेएमला (एके-47 ची सुधारलेली आवृत्ती) रिसीव्हरच्या, म्हणजे मधल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंना जे खोलगट ठसे असतात, ज्यांनी मॅगझिन घट्ट धरलं जातं, ते हिला नाहीत. म्हणून हलतं. हलू दे. गोळी भरायला काही अडत नाही.

बघायचं ते ट्रनियन. रिसीव्हरच्या तोंडाशी जो पोलादी ठोकळा असतो, ज्यात बॅरल दाबून बसवतात आणि बोल्टही त्यातच अडकतो, गोळी सुटतानाचा सगळा दणका तो खातो. वासर बनते त्या रोमानियातल्या कुजीरच्या कारखान्यातला ठोकळा घडीव असतो, बॅरल हॅमर फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेली आणि आतून क्रोमचा मुलामा. इथल्या काही स्वस्त एकेंमध्ये ओतीव ट्रनियन घातले आणि ते झिजून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि बॅरलमध्ये बसलेली गोळी यांच्यातली फट, वाढला, कंपन्यांची नावं घेत नाही, पण माझ्या ओळखीच्या एकाची अशी रायफल वर्षभरात भिंतीवर टांगायच्या लायकीची झाली, आणि दिसायला ती वासरपेक्षा दसपट देखणी होती. पैसे कशाला मोजायचे ते आता तूच ठरव.

नवखा_नेमबाज
@घडीव_लोखंड हो हो ग्रीन कार्ड आहे, गेल्याच वर्षी आलं. ठोकळ्याचं दुकानदारानं एका शब्दानं सांगितलं नाही, तो नुसतं पॉलिश केलेलं लाकूड दाखवत होता. मग झास्तावा का महाग?

रविवारची_रेंज
कारण ती रणगाडा आहे राव 😀 माझ्याकडे आहे. साध्या एकेएमचा पत्रा 1 मिमी, हिचा दीड. ट्रनियन पण फुगीर, आरपीके मशिनगनसारखा. युगोस्लाव्ह लोक रायफलवरून ग्रेनेड उडवायचे म्हणून सगळं जाड. क्रागुयेवाचचा कारखाना आहे, तिथं 1853 ला पहिल्यांदा तोफ ओतली, म्हणजे धंदा जुना. फिनिशिंग वासरपेक्षा खूप उजवं. पण दोन गोष्टी लक्षात ठेव, वजन जाणवतं, तासाभरानं खांदा बोलायला लागतो, आणि हिचं लाकूड, दस्ता, हँडगार्ड सगळं युगो मापाचं, बाजारात एकेएमसाठी जे ढीगभर सामान मिळतं ते हिला बसत नाही. जुन्या खेपांमध्ये बॅरल क्रोमची नव्हती, सेकंडहँड घेणार असशील तर हे आधी विचार, नंतर आलेल्यांना क्रोम आहे.

आणि एक, पार्ट बदलायची खाज आली तर आधी 922आर वाच, इम्पोर्टेड रायफलींच्या पार्टांचा अमेरिकन कायदा. वीस पार्टांची यादी आहे, त्यातले बाहेरदेशी दहापेक्षा जास्त चालत नाहीत. अमेरिकन पार्ट काढून हौसेनं जुना युरोपियन पार्ट बसवला की गणित चुकतं, मॅगझिनचे भागसुद्धा त्यात मोजतात.

तर्कट
सगळे ट्रनियन ट्रनियन करताय पण त्यानं विचारलंय पैसे वसूल होतात का. नाही होत. एकेचं सगळं आकर्षण होतं स्वस्ताई. 90 च्या दशकात चिनी एसकेएस (एकेचीच गोळी झाडणारी जुनी सेमी-ऑटो रायफल) शंभर डॉलरच्या आत क्रेटमधून निघायच्या, ग्रीसमध्ये बरबटलेल्या, आणि गोळ्या त्याहून स्वस्त. 1989 ला थोरल्या बुशच्या वेळी 43 प्रकारच्या रायफलींची आयात बंद, 1994 ला चीनचा माल बंद, 2014 ला रशियाच्या कलाश्निकोव्ह कंपनीवर निर्बंध म्हणजे त्यांची सायगा रायफल बंद, 2017 ला रशियाच्याच मोलोत कंपनीवर म्हणजे त्यांची वेपर बंद, आणि सप्टेंबर 2021 पासून रशियन गोळ्यांना नवीन परमिट नाही. उरलं काय? एकेची 7.62×39 गोळी आता एआरच्या 5.56 पेक्षा स्वस्त राहिलेलीच नाही म्हटलं तरी चालेल. आणि 100 यार्डांवर एके तीन-चार इंचात गोळ्या पसरवणार, साधी एआर दोन इंचात देते. कागदच फाडायचेत तर एआर घे, उरलेल्या पैशाच्या गोळ्या घे.

घडीव_लोखंड
@तर्कट हिशोब बरोबर आहे, वाद नाही. पण हेच बंदीचं पुराण उलटंही वाचता येतं. जी आयात बंद झाली तिची किंमत चढली, सायगा वेपर आज त्यांच्या मूळ भावात कुणी देतं का? शंभराची एसकेएस आज कितीला जाते बघ एकदा. एआर घेतली की दारातून बाहेर पडता पडता सेकंडहँड होते.

तर्कट
म्हणजे रायफल घेतोय की एफडी काढतोय 😂

रविवारची_रेंज
😂😂 पण मजा हाही मुद्दा आहे ना. एआर म्हणजे चांगली कार, एके म्हणजे बुलेट. थरथरते, तेल गळतं, आणि तरी माणूस तिच्यावरच बसतो.

काका_पेन्सिल्व्हेनिया
जरा उशिरा आलो. माझ्याकडे वासर बारा वर्षं आहे, तुमचं बोलणं वाचून कपाटातून काढून बघितली. फोरसाइट (नळीच्या टोकाची माशी) डावीकडे कललेली आहे, घेतली तेव्हापासून, साइट बाजूला कडेपर्यंत सरकवून नेम जुळवावा लागला. एवढ्या वर्षांत गोळी अडकली ती दोनदा, दोन्ही वेळा मॅगझिन भंगार होतं. तुम्ही घेणार असाल तर ऑनलाइन मागवू नका, हातात घ्या. डोळ्यापाशी धरा, फोरसाइट आणि गॅस ब्लॉक (बॅरलमधला गॅस वरच्या नळीत वळवणारा ठोकळा) एका रेषेत आहेत का बघा, पुढचे रिव्हेट सपाट आणि घट्ट बसलेत का बघा, बोल्ट मागेपुढे करून कुठं अडखळत नाही ना बघा. दुकानात तीन असतील तर तिन्ही काढायला सांगा, तो कंटाळला तरी. सेकंडहँड असेल तर हेडस्पेस गेजनं तपासून घेतल्याशिवाय एक गोळी झाडू नका. आणि लष्कराच्या जुन्या सरप्लस गोळ्या स्वस्तात मिळाल्या तर त्या दिवशीच बॅरल आणि गॅस ट्यूब पाण्यानं धुवा, मग तेल. त्या गोळ्यांच्या प्रायमरमधलं (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) मीठ तेलानं निघत नाही. मी पहिल्या वर्षी आळस केला, क्रोममुळे बॅरल वाचली, गॅस पिस्टन गंजला.

नवखा_नेमबाज
काका, तुमची यादी फोनवर घेऊन काल परत गेलो. दुकानात दोन वासर होत्या, एकीची फोरसाइट सरळ सरळ झोपलेली, दुसरीची ठीक. झास्तावा एकच होती, रिव्हेट एकदम सुबक, पण उचलल्यावर बायको म्हणाली ही घेतलीस तर तुझी तूच वाहायची. @तर्कट तुझा हिशोब पण मांडला, गोळ्यांचा वर्षाचा खर्च रायफलीच्या पुढे जातोय. पुढच्या शनिवारी मित्राची एआर चालवतो आणि मग ठरवतो. तोवर कुणाला सर्बियन दस्त्याऐवजी जरा लांब दस्ता कुठला बसतो माहिती असेल तर सांगा, माझे हात लांब आहेत आणि तो दस्ता अगदीच आखूड वाटला.

तर्कट
म्हणजे ठरलंय तुझं.