‘फेक न्यूज’साठी ‘खोटी बातमी’ पुरेसे आहे काय?

प्रश्न : आठवीच्या वर्गासाठी मोबाइल आणि माध्यम साक्षरता या विषयावरील पाठ तयार करीत आहे. ‘फेक न्यूज’साठी ‘खोटी बातमी’ हा रूढ प्रतिशब्द पाठात घ्यावा काय?

उत्तर : माझ्या मते घेऊ नये. बातमीला ती देणारा कोणीतरी असतो आणि त्याला जाब विचारता येतो; मुलांच्या मोबाइलवर येणारा बहुतेक मजकूर निनावी असतो. ‘खोटी’ हे विशेषणही अपुरे पडते. २०१८ मध्ये मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर पसरल्या होत्या आणि धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले, तेही याच अफवेपायी. त्या काळात फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी तयार केलेली होती. मुलाला परत आणून सोडल्याचा शेवट कापून टाकल्यामुळे अभिनयालाच अपहरणाचा पुरावा मानले गेले. तिच्यातील दृश्ये कोणी नव्याने बनविली नव्हती, फक्त संदर्भ तोडला होता. अशा मजकुराला ‘दिशाभूल करणारा’ म्हणणे अधिक नेमके ठरेल.

हेतूचा भेद दाखवायचा असेल तर मराठीत सोय आहेच. आवई नुसती उठू शकते (उठवलीही जाते, हे खरे), परंतु पुडी कोणीतरी सोडावी लागते आणि कंडी कोणीतरी पिकवावी लागते. न पडताळता पुढे पाठविणाऱ्याला मात्र यांपैकी काहीच लागू होत नाही. त्याने पुढे ढकललेल्या मजकुरासाठी ईमेलच्या काळातला ‘ढकलपत्र’ हा किंचित खट्याळ शब्द मला आजही चपखल वाटतो. ‘अफवा’ अर्थातच राहू द्यावा. अरबीत त्याचे मूळ ‘तोंडे’ या अर्थाच्या अनेकवचनी शब्दात आहे.

पुरवणी (दुसऱ्या उत्तरदात्याची) : वरील विवेचन मान्य आहे, तथापि ‘कंडी’ हा शब्द आजच्या तेरा वर्षांच्या मुलांपैकी किती जणांच्या कानांवरून गेला असेल, याची शंका वाटते. मुले ‘फॉरवर्ड आलाय’ आणि ‘व्हायरल झालं’ असे म्हणतात. या दोन्ही वाक्यांत पाठविणारा कोठेच दिसत नाही. व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये आणलेली ‘फॉरवर्डेड’ ही खूणसुद्धा मजकूर दुसरीकडून आला आहे एवढेच सांगते, मूळ लेखक कोण ते सांगत नाही. म्हणून पाठात नवे प्रतिशब्द देण्याआधी मुलांच्याच वाक्यांतील कर्ता शोधण्याचा स्वाध्याय ठेवावा, असे सुचवितो.