वास्तुशांतीला जोगिया लावला म्हणून बोलणी खाल्ली. हा राग खरंच रडका आहे का?

कडक_भाकरी
परवा जुळे सोलापुरात आमची वास्तुशांत होती. गुरुजी यायच्या आधी, पहाटे, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची जोगियातली ठुमरी 'पिया के मिलन की आस' लावली. आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "शुभकार्यात रडगाणं कशाला रे?" बंद केलं. पण ठुमरीच्या तोंडातच 'आस' आहे, मग रडगाणं कसं?

जुनी_तबकडी
आत्याबाई बरोबर आहेत. शब्द सोडा, सूर बघा. रिषभ-धैवत (रे-ध) कोमल, म्हणजे थोडे उतरलेले, आणि चढताना गांधार-निषाद (ग-नी) नाहीत. मध्यमावर रेंगाळून खाली रिषभावर घसरतात, तेव्हा हुंदका गिळल्यासारखं होतं. त्यात तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. आलाप पसरायला जागाच नाही, खाँसाहेब थेट काळजाला हात घालतात. आणि आस लागलेलाच माणूस रडतो ओ, आस सुटलेला गप्प बसतो.

तळ्याकाठचा
कोमल रे-ध भैरवातपण आहेत की. त्याला कोण रडका म्हणतंय?

जुनी_तबकडी
भैरवाला गांधाराचा आधार आहे. रे-ध आंदोलत राहतात, राग पाय रोवून उभा असतो. जोगियात गांधार उतरताना आला तरी ओझरता.

तळ्याकाठचा
पटलं नाही. हा सगळा खाँसाहेबांच्या आवाजाचा परिणाम. बारीक, टोकदार, विनवणारा. तीच ठुमरी भीमसेनांची ऐका. घराणं किराणाच, त्यांचे गुरू सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य. पण तिथं मला तक्रार ऐकू येते, रडणं नाही. अन् नावच जोगिया. जोगी रडत बसत नाही बे, घरदार सोडून निघून जातो.

माग_बंद
आमच्या घरी यंत्रमाग होते. वडील पाचला ही ठुमरी लावायचे, ती संपली की माग सुरू. खटखटीत पुढचं काहीच ऐकू यायचं नाही. करुण-बिरुण माहीत नाही, मला जोगिया ऐकला की अजून दात घासायला उठावंसं वाटतं.

कडक_भाकरी
@तळ्याकाठचा, घरदार सोडून जाणाऱ्याचा राग, तोही वास्तुशांतीला! दादा, तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय की आत्याच्या?

तळ्याकाठचा
😀 सनई लावायची होती. फक्त सनईवाल्यानं जोगिया घेतला नाही ना, ते आधी बघायचं.