क्रूझवर असताना दाढेने दगा दिला तर काय करावे?

बोरीकाठ (अमळनेर):
नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही घरची सहा माणसे सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझला जाणार आहोत. जहाज वाटेत पेनांग आणि फुकेत येथे थांबेल. सासूबाईंचे वय 63 असून त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल दिवाळीनंतर झाले, पण कॅप बसवायची राहूनच गेली, आणि गेल्या रविवारी वरण-बट्टीच्या जेवणात बट्टीचा कडक पापुद्रा चावताना आतल्या तात्पुरत्या सिमेंटचा तुकडा निघून त्यांच्या हातात आला. दुखत नसल्यामुळे "आल्यावर बघू" असे त्यांचे म्हणणे आहे. जहाजावर दातांचे डॉक्टर असतात का, नसल्यास भर समुद्रात काय करायचे आणि खर्च विम्यातून मिळतो का, हे जाणकारांनी सांगावे. सोबत नऊ वर्षांचा मुलगाही आहे.

पांझरा (धुळे):
ताई, मी दातांचा डॉक्टर आहे, म्हणून आधी स्पष्ट सांगतो: सासूबाईंना "आल्यावर बघू" म्हणू देऊ नका. रूट कॅनाल झालेल्या दाढेतील नस काढलेली असल्याने ती दुखून इशारा देत नाही, मात्र सिमेंट निघालेल्या जागेतून लाळ आणि जंतू आत शिरत राहतात. शिवाय आतून पोखरलेली दाढ कॅपविना चावण्याचा भार सोसू शकत नाही आणि कधीकधी उभी चिरते. तशी चिरली तर ती काढण्यावाचून बहुधा पर्याय उरत नाही. तुमच्या हाती महिना आहे. कॅपसाठी साधारणतः दोन-तीन खेपा पुरतात, पण निघण्याच्या निदान दहा दिवस आधी ती बसलेली असावी, म्हणजे चावताना उंच लागत असल्यास घासून घेता येते.

मोठ्या क्रूझ जहाजांवर दवाखाना, डॉक्टर आणि परिचारिका असतात, परंतु दातांचा डॉक्टर सहसा नसतो. तेथे वेदनाशामक गोळ्या मिळतील, गरज पडल्यास प्रतिजैविक सुरू करतील आणि पुढच्या बंदरातील दंतचिकित्सकाशी संपर्क करून देतील. दाढ काढणे किंवा रूट कॅनाल उघडणे तेथे होईल अशी अपेक्षा ठेवू नका. दाढ ठणकू लागल्यास कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात, गालावर बाहेरून थंड पट्टी ठेवावी आणि पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेन दातदुखीवर चांगले चालते, पण मूत्रपिंडाचा त्रास, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर ते टाळावे. सासूबाईंना मधुमेह असल्याने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नये, त्याने हिरडी भाजते. लवंगतेल कापसाच्या बोळ्यावर थेंबभरच घ्यावे.

चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडेनासे होणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यांपैकी काहीही दिसल्यास बंदराची वाट न पाहता रात्रीबेरात्रीही जहाजाच्या डॉक्टरांना उठवावे. मधुमेह आटोक्यात नसेल तर असा संसर्ग झपाट्याने पसरतो.

मुलाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. नवव्या वर्षी पुढचे दात बहुधा कायमचे असतात. पोहण्याच्या तलावाकाठी घसरून असा दात मुळासकट निघालाच, तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मळला असेल तर दुधाने हलकेच धुवावा आणि शक्य असल्यास तिथल्या तिथे खाचेत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगावे. ते जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवावा. जितका उशीर, तितकी दात पुन्हा जगण्याची आशा कमी होते. दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये.

निवृत्त गार्ड (भुसावळ):
डॉक्टरसाहेबांच्या सांगण्यात माझ्या अनुभवाची भर घालतो. याच मार्गावर दुसऱ्या रात्री माझी कॅप पावात अडकून निघाली. मी ती कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली आणि वाढप्याने ताटाबरोबर तोही उचलला. सुदैवाने सौभाग्यवतींच्या लक्षात आले, नाहीतर कॅप कचऱ्यात गेली असती. तेव्हापासून मी प्रवासात झाकणाची छोटी डबी बाळगतो. फुकेतला जहाज किनाऱ्यापासून दूर नांगरले होते, त्यामुळे लहान बोटीसाठी रांग, मग टॅक्सी, मग दवाखाना असे करता करता निम्मा दिवस गेला. कॅप पंधरा मिनिटांत चिकटवून मिळाली. जीव टांगणीला लागला तो परतताना, कारण थायलंडचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असते. माझ्या मोबाईलने आपोआप स्थानिक वेळ धरली होती, तर जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चालत होते. आयुष्यभर गाडीची वेळ सांभाळलेल्या माणसावर धक्क्याकडे धावत सुटण्याची पाळी आली. जहाजाची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवा.

तापीतीर (जळगाव):
विम्याबद्दल थोडेसे. परदेश प्रवासाच्या विम्यात दातांसाठी बहुधा स्वतंत्र आणि छोटी मर्यादा असते, तीही अचानक उद्भवलेल्या वेदनेच्या तात्पुरत्या उपचारापुरती. अर्धवट राहिलेले रूट कॅनाल "आधीपासूनचा आजार" म्हणून नाकारले जाऊ शकते, म्हणून पॉलिसीतील ते कलम आताच वाचा. जहाजावरील दवाखान्याचे बिल सहसा खोलीच्या खात्यावर चढते आणि भरपाई नंतर आपण मागायची असते, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी व पावती घेतल्याशिवाय जहाज सोडू नका.

पांझरा (धुळे):
एक राहिले. पडलेल्या सिमेंटच्या जागी च्युइंगगम भरावे, असा सल्ला कोणी देईल. पण सिंगापूरने 1992 पासून च्युइंगगम आणण्यावर बंदी घातलेली आहे. खैनी, गुटखा असा तोंडात धरायचा तंबाखूही तेथे नेता येत नाही. आपल्याकडे दाढेखाली तंबाखू किंवा मिश्री धरण्याची सवय घरोघरी आहे, म्हणून सांगितले. तात्पुरते दंतसिमेंट औषधाच्या दुकानात मिळते, ते घ्या. घरातला फेव्हिक्विक कॅपला कदापि लावू नका.

बोरीकाठ (अमळनेर):
सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. बंदीचे वाचून दाखवल्यावर सासूबाईंनी बॅगेच्या तळातून मिश्रीची डबी स्वतःच काढून दिली. ती घासून-धुवून, भुसावळच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे, कॅपसाठी ठेवून घेतली आहे.