हरवलेली बॅग चोरीलाच जाते असं नाही
विमानप्रवासात बॅग गायब झाली की काही जण म्हणतात, विमानतळावरच्या लोकांनीच ढापली, पण असं सरसकट नका म्हणू हो, बऱ्याच बॅगा विमान बदलताना मधेच राहतात, दोन फ्लाइटमध्ये वेळ कमी असला की माणूस पळत पोचतो, बॅग नाही पोचत. नाहीतर टॅग फाटतो आणि त्यावरच्या १० आकडी नंबराशिवाय ती कोणाची, कुठं जायची हेच मशीनला कळत नाही.

आमची आई सोलापूरहून मुंबई आणि तिथून भावाकडं जर्मनीला गेली, बॅगेत दोन चादरी, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि नातवासाठी स्वतः शिवलेलं झबलं. सामानाचा पट्टा थांबला तरी बॅग नाही, बिचारी तिथंच रडायला लागली. भावानं फोनवर सांगितलं म्हणून बाहेर पडायच्या आधी काउंटरवर तक्रार देऊन पीआयआरचा, म्हणजे बॅग मिळाली नाही याच्या नोंदीचा, कागद घेतला, तो नसेल तर पुढं फार त्रास होतो. पाचव्या दिवशी बॅग घरी आली.

आंतरराष्ट्रीय प्रवासात २१ दिवसांत नाही आली तर हरवली असं धरून भरपाई मागता येते, विमानप्रवासातल्या भरपाईबद्दलच्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणं. बॅग फाटली-तुटली असेल तर मात्र ७ दिवसांत लेखी द्यायचं.

आणि मालकच न सापडलेल्या बॅगांचं काय? अमेरिकेत अलाबामातल्या स्कॉट्सबोरोला १९७० पासून एक दुकानच आहे, विमान कंपन्यांकडून अशा बॅगा विकत घेऊन आतलं सामान विकतात. आईचं ते झबलं असं कुठं टांगलेलं डोळ्यासमोर आलं की पोटात कालवतं. म्हणून नाव-फोनची चिठ्ठी बॅगेच्या आतही टाका, शोधताना बॅग उघडून बघतात.