टाकीतला मासा पर्यावरणाला परवडतो का?

माणदेशी

आरएएस म्हणजे शेडखालच्या टाक्यांत तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा पुन्हा फिरवणारी मत्स्यशेती. "वीज खाणारं यंत्र", "अनुदानासाठी उभी केलेली शेड" अशी टीका हल्ली सतत कानावर येते. मी सांगोला तालुक्यात असं युनिट चालवतो, चिलापी (तिलापिया) मासा करतो. माझं मत सरळ मांडतो: दुष्काळी पट्ट्यात मासा वाढवायचा असेल, तर पर्यावरणाच्या दृष्टीने याहून बरी पद्धत आज आपल्याकडे नाही.

आधी पाणी. माझं युनिट पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेतलं मध्यम आकाराचं, 30 हजार लिटरच्या सहा टाक्या, म्हणजे 1 लाख 80 हजार लिटर. रोज 5 ते 10 टक्के पाणी बदलावं लागतं. सहा महिन्यांत 10 टन मासा धरला, तर किलोमागे 200 ते 350 लिटर पाणी जातं. आता एक हेक्टरचा उघडा तलाव घ्या. आमच्याकडे वर्षाला दोन मीटरच्या आसपास पाणी उन्हाने उडून जातं. पावसाचं अर्धा मीटर वजा केलं तरी दीड कोटी लिटर गेलं. त्यातून 5 टन मासा निघाला तर किलोला 3000 लिटर! मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा फरक किरकोळ नाही.

दुसरं, घाण. मासा खाद्यातल्या नत्राचा फार तर तिसरा हिस्सा अंगी लावतो, उरलेलं पाण्यात सोडतो. 10 टन माशाला 15 टन खाद्य लागलं, त्यात 32 टक्के प्रथिनं धरली, तर 500 किलोच्या आसपास नत्र मागे उरतं, म्हणजे युरियाच्या चोवीसेक गोण्यांएवढं. जलाशयातल्या पिंजऱ्यात मासा वाढवला की हे सगळं थेट धरणात जातं. माझ्याकडे ड्रम फिल्टरची बारीक जाळी फिरत राहते, वरून फवारा बसतो आणि तपकिरी, दाट गाळ एका पन्हाळीतून खड्ड्यात येतो. तो मी डाळिंबाला देतो. घाण कुठे आहे हे मला माहीत असतं, ती मला मोजता येते.

तिसरं, मासा निसटत नाही. थायी मांगुरावर (देशी मासे खाणारा परका मांगूर) 2000 सालापासून बंदी आहे, तरी चोरून पाळला जातो आणि पुरात नदीत पोचतो. बंद शेडमध्ये हा धोका नगण्य.

भीमाकाठ

माणदेशी, तुमचा गाळाचा हिशोब पटला. पाण्याचा अजिबात नाही.

तुम्ही तलावाच्या बाष्पीभवनाचा सगळा भार माशाच्या डोक्यावर टाकलात. आपल्याकडे खास माशासाठी तलाव खोदतो कोण? 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे'मध्ये जी तळी झाली ती द्राक्ष, डाळिंब, कांद्यासाठी. पाणी साठणारच होतं, उडणारच होतं. त्यात चार रोहू-कटले सोडले तर माशासाठी वेगळा थेंबही जात नाही, उलट विष्ठेचं पाणी ठिबकने बागेला मिळतं. धरणाचंही तेच. उजनी बांधली ती शेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी. भिगवणच्या बाजारात पहाटे चिलापीचे ढीग लागतात, त्या माशाला कुणी खाद्य घातलेलं नसतं, पंप लावलेला नसतो. किलोमागे वीज शून्य.

मग सरकारचा पैसा कुठे जावा? मध्यम युनिटचा मंजूर खर्च 25 लाख, त्यावर 40 टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. एका माणसाच्या शेडला जेवढं मिळतं, तेवढ्यात एका सहकारी संस्थेला चांगलं मत्स्यबीज आणि बर्फाची सोय होते. आमच्या धरणात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, सकर मासा जाळी फाडतो. पर्यावरणाचं काम करायचं असेल तर ते इथे पडलेलं आहे.

कार्बनवही

भीमाकाठ यांनी वीज शून्य म्हटलं, तोच धागा पुढे नेतो. माणदेशी, किलोमागे किती युनिट वीज पडते ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

माणदेशी

लपवायचं काही नाही. साडेचार ते पाच युनिट. ब्लोअर, पंप, ड्रम फिल्टर, यूव्ही, सगळं धरून. आपल्याकडे पाणी तापवावं लागत नाही, युरोपात तो खर्च वेगळा असतो.

कार्बनवही

मग ही आकडेमोड बघा. आपल्या देशातली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशातून येते, आणि एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाच युनिटचे साडेतीन किलो झाले. हे नुसत्या विजेचे, खाद्याचे वेगळे.

"गावातच मासा पिकला की वाहतूक वाचते" हा मुद्दा अजून कुणी मांडला नाही, पण कंपन्यांच्या माहितीपत्रकात तो हटकून असतो, म्हणून आधीच उत्तर देतो. आंध्रातून बर्फात रोहू घेऊन ट्रक हजार किलोमीटर आला, तर टनामागे प्रति किलोमीटर 100 ग्रॅम धरून एक किलो माशाच्या वाट्याला 100 ग्रॅम कार्बन येतो. परतीची रिकामी फेरी आणि बर्फ धरून दुप्पट करा. 200 ग्रॅम वाचवायला साडेतीन किलो खर्च करणं हा पर्यावरणाचा फायदा होऊ शकत नाही.

सोलर म्हणाल, तर वर्षाला दोन पिकांत 20 टन मासा म्हणजे एक लाख युनिट. त्याला 70 किलोवॉटचा संच हवा. एवढे पॅनेल शेडच्या छपरावर मावणं कठीण, आणि खर्च तुमच्या मूळ युनिटच्या 25 लाखांच्या वर जातो. शिवाय रात्री टाक्यांत हवा सोडायची ती ग्रिडच्या विजेवरच.

मत्स्यविद्या

चर्चा चांगली चाललीय. मी मत्स्यशास्त्र शिकवते, म्हणून परदेशातला अनुभव जोडते, कारण या तंत्राचं कौतुक आपल्याकडे तिकडूनच आलं.

तिथे प्रश्न सॅल्मनचा आहे. समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांत ऊ पडते, औषधं पाण्यात जातात, पिंजरा फाटला तर मासे निसटतात. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सायप्रेस बेटाजवळचा पिंजरा कोसळला आणि परक्या जातीचे लाखो अटलांटिक सॅल्मन समुद्रात गेले. पुढच्याच वर्षी राज्याने परक्या माशांचे पिंजरे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला. अशा ठिकाणी जमिनीवरच्या बंदिस्त टाकीचा फायदा निर्विवाद आहे.

कार्बनबाबत 2016 साली प्रसिद्ध झालेली एक तुलना आम्ही वर्गात घेतो. अमेरिकेतच आरएएसमध्ये वाढवलेला सॅल्मन किलोमागे साधारण साडेसात किलो कार्बन सोडतो, नॉर्वेहून विमानाने आणलेला ताजा सॅल्मन पंधरा किलो. पण तोच नॉर्वेचा मासा गोठवून जहाजाने आणला तर आकडा आरएएसच्या निम्म्यावर येतो. म्हणजे इथे टाकी जिंकते ती विमानाशी तुलना केली म्हणून. कार्बनवही, तुमच्या रोहूच्या ट्रकचं गणित त्यामुळे बरोबर बसतं. आपला मासा विमानाने येत नाही.

दुसरी बाजू अपघातांची. फ्लोरिडातल्या एका प्रचंड मोठ्या सॅल्मन प्रकल्पात मार्च 2021 मध्ये 500 टनांच्या आसपास मासा एका फटक्यात मेला. 500 टन मासा मेला की त्याचं खाद्य, वीज, पाणी सगळं वाया, आणि वर विल्हेवाटीचा प्रश्न. पर्यावरणाच्या हिशोबात ही मर धरलेली मी क्वचित पाहते.

खाडीवरचा

सगळे वीज-पाणी बोलताय. खाद्य कुठून येतं ते कुणी विचारत नाही.

रत्नागिरीच्या बंदरावर उभं राहून बघा. ट्रॉलरमधून खाण्याजोगी मासळी उतरते, आणि मागून बारक्या माशाचा चिखल टोपल्यांनी निघतो. बोटाएवढे बांगडे, तारली, काय-काय. तो फिशमीलच्या (माशाच्या भुकटीच्या) कारखान्यात जातो, तिथून कोंबडी-मासे-कोळंबीच्या खाद्यात. शेड बंदिस्त, पाणी बंदिस्त, पण खाद्याच्या त्या गोळीमागे आमचा समुद्र ओरबाडला जातो. राज्याने माशांचे किमान आकार ठरवून दिलेत, पण बंदरावर मोजतो कोण?

माणदेशी

खाडीवरचा, तुमचा राग रास्त आहे, पण तो चिलापीवर काढू नका. कोळंबी, जिताडा, सॅल्मन यांना फिशमील भरपूर लागतं. चिलापी आणि पंगस यांच्या खाद्यात मुख्य भाग सोयापेंड आणि भाताचा कोंडा असतो, फिशमील थोडं. उलट टाकीत मी गोळी मोजून घालतो. दीड किलोत किलोभर मासा निघतो, कारण उरलेली गोळी डोळ्यांना दिसते आणि दुसऱ्या दिवशी अमोनियाच्या चाचणीत हिरवा रंग गडद होऊन समजते. तलावात वाया गेलेलं खाद्य कुणाला दिसत नाही.

कार्बनवही, तुमचं गणित आजच्या विजेचं आहे. विजेचा कार्बन दरवर्षी कमी करता येतो, त्याला रस्ता आहे. उपसून संपलेलं भूजल परत आणायला काय रस्ता आहे? आमच्याकडे बोअर 500-600 फुटांवर गेलेत. प्रत्येक तालुक्याला एकच फुटपट्टी लावू नका. कोकणात, भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या भागात मी स्वतः आरएएस घ्या असं म्हणणार नाही. पण माणदेशात पाणी हाच पर्यावरणाचा पहिला प्रश्न आहे.

आणि भीमाकाठ, 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेली होती, म्हणजे उपयुक्त साठा संपून तळातला मृतसाठाही उपसला जात होता. तेव्हा तुमच्या बिनविजेच्या माशाचं काय झालं?

भीमाकाठ

हाल झाले, नाकारत नाही. पण माणदेशी, माणदेशात पाणीच नाही तर मासाच का? ज्वारी आहे, शेळी आहे, बोर आहे. पाण्यात जगणारा प्राणी सगळ्यांत कोरड्या तालुक्यात वाढवायचा आणि "पाणी वाचवलं" म्हणायचं, हे मला पटत नाही. आमच्याकडचा मासा वडापने दोन-तीन तासांत सांगोल्यात पोचतो.

सोलापूरची_लेक

माझ्या माहेरी असंच युनिट होतं, म्हणून एक गोष्ट सांगते. बसवून देणाऱ्याने बायोफिल्टर, म्हणजे पाण्यातलं विषारी अमोनिया-नायट्राइट जिवाणूंकरवी काढणारा भाग, लहान दिला होता. नायट्राइट उतरेना म्हणून वडील रोज पाणी बदलत गेले, 5 टक्क्यांचे 30-40 टक्के झाले. कागदावर आरएएस, प्रत्यक्षात बोअरचं पाणी टाकीतून ओढ्यात. गाळही ओढ्यातच. एका रात्री लाईट गेली, जनरेटर चालू झाला नाही. एवढ्या दाटीत हवा थांबली की अर्ध्या तासात मासा वर येऊन तोंड उघडतो. सकाळी सगळं संपलं होतं. फायदे खरे असतील, पण ते यंत्र नीट बसलं आणि माणूस शिकलेला असला तरच. अनुदान देताना कुणी हे बघितलं नाही.

माणदेशी

ताई, वाचून वाईट वाटलं. आमच्या ओळखीतही अशी शेड आहेत. म्हणूनच माझी मागणी आहे की अनुदानाचा शेवटचा हप्ता बांधकाम बघून नाही, मीटर बघून द्यावा. येणाऱ्या पाण्यावर एक मीटर, विजेवर एक, आणि गाळ कोणत्या शेतात गेला त्याची वही. किलोमागे 400 लिटरच्या वर पाणी गेलं तर त्याला आरएएस म्हणू नये. सोडा किती लागला तेही लिहावं. दर किलो खाद्यामागे पाव किलोच्या आसपास खायचा सोडा घालावा लागतो, नाहीतर बायोफिल्टरचे जिवाणू काम करत नाहीत. ज्याच्या वहीत सोड्याची खरेदीच नाही, त्याचा फिल्टर चालू नाही हे लगेच कळतं.

कार्बनवही

मीटरच्या अटीला पूर्ण पाठिंबा. त्यात एक जोडा: किलोमागे युनिट जाहीर करा आणि तीन युनिटच्या खाली आणणाऱ्याला जास्त अनुदान द्या. साडेतीन किलो कार्बनचा मुद्दा मी सोडत नाही.

मत्स्यविद्या

या दोन टोकांच्या मध्ये एक वापर आहे, ज्याकडे आपलं लक्ष कमी आहे. नॉर्वेतही बहुतेक सॅल्मन पूर्ण आयुष्य टाकीत काढत नाही. पिल्लं जमिनीवरच्या आरएएसमध्ये वाढवतात आणि मोठी झाली की समुद्रातल्या पिंजऱ्यांत सोडतात. वीज मुख्यतः माशाच्या वजनामागे लागते, आणि पिल्लाचं वजन कमी. आपल्याकडे शेततळ्यात बोटाएवढी बोटुकली सोडतात, त्यातली बरीच पक्षी आणि मोठे मासे खातात, आणि विकण्याजोगा मासा व्हायच्या आत पाणी आटतं. टाकीत 80-100 ग्रॅमपर्यंत वाढवून सोडली तर उरलेले महिने पुरतात. कमी विजेत पाण्याचा आणि जगण्याचा फायदा मिळतो.

भीमाकाठ

याला माझी हरकत नाही, पण दोन अटींवर. धरणात सोडायला चिलापीचं बीज नको. ती आफ्रिकेतून आलेली, 1950च्या दशकात देशात आणली आणि उजनीत आमचे देशी मासे मागे पडले. रोहू, कटला, मृगळ द्या. आणि बोटुकली मार्चमध्ये तयार करून काही उपयोग नाही. आमच्याकडे पाणी जुलैअखेर, ऑगस्टमध्ये येतं, बीज तेव्हा हवं. माणदेशी, तुमच्या सहा टाक्यांतल्या दोन त्यासाठी लावणार असाल तर आमच्या संस्थेत विषय काढतो. दर काय पडेल तेवढं सांगा.