सॉफ्टनर लावला तरी टीडीएस तेवढाच आणि गाडीवर डाग, फसवलं का मला?

बोअरग्रस्त_वाघोली:
सोसायटीला बोअर आणि टँकरचं मिक्स पाणी. शॉवरची काच कायम पांढरी, गीझरची कॉइल दोन वर्षांत दुसऱ्यांदा गेली, म्हणून महिन्यापूर्वी फ्लॅटच्या लाईनवर सॉफ्टनर बसवला. विकणाऱ्याने आधी मीटर बुडवून ८५० टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवला होता, काल मी स्वतः मोजला तर ८६०! काळ्या गाडीवर ठिपके पण तसेच. पैसे पाण्यात गेले का?

रेझीनवाला:
अहो टीडीएस मीटर पाण्याचा जडपणा म्हणजे हार्डनेस मोजतच नाही. सॉफ्टनर कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, क्षार जातात कुठे, फक्त बदलतात, त्यामुळे टीडीएस तेवढाच किंवा जरासा जास्तच. विकणारे मीटर दाखवतात कारण आकडा बघून माणूस घाबरतो. हार्डनेसचं थेंबांचं किट आणा, पाणी लालसर होतं आणि थेंब टाकता टाकता निळं होतं, तेवढे थेंब मोजायचे. पिण्याच्या पाण्याला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) हार्डनेसची मर्यादा २०० मिग्रॅ/लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर ६००.
आणि मीठ टाकताय ना वेळेवर? ५०० हार्डनेसला २५ लिटर रेझीन (सॉफ्टनरमधले कॅल्शियम धरणारे दाणे) साधारण अडीच हजार लिटर पाणी मऊ करतं, चार माणसांत चार-पाच दिवसांत रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझीन परत ताजं करणं, आलंच.

बोअरग्रस्त_वाघोली:
मीठ एकदाच टाकलं, बसवताना 😬

खडेमीठ:
झालं मग, सापडला चोर. पण गाडी कुठल्या पाण्याने धुता?

बोअरग्रस्त_वाघोली:
आरओचं वेस्ट पाणी बादलीत साठवतो, वाया कशाला घालवायचं म्हणून.

खडेमीठ:
अरे देवा. आरओने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात हो! त्याने फरशी पुसा, संडासात ओता, गाडीला नको. आणि सॉफ्टनरच्या पाण्यानेही उन्हात गाडी वाळली तर डाग राहणारच, फक्त ते ओल्या फडक्याने निघतात, कॅल्शियमचे चिकटून बसतात. सकाळी धुवा, लगेच मायक्रोफायबरने पुसा. शॉवरच्या काचेला व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवा, पण खाली मार्बल असेल तर त्यावर ओघळू देऊ नका, दगड खातं ते.

बोअरग्रस्त_वाघोली:
किट आणलं, मीठ टाकून रिजनरेशन केलं. आधी ४८०, आता ४०. साबण लावला की अंग बुळबुळीतच राहतं, बायको म्हणते साबण निघतच नाहीये. हे नॉर्मल आहे का?

रेझीनवाला:
नॉर्मल. साबण आता अर्धाच लावा.